आत्तीनं हात वर केला तेव्हा

आत्याला आमच्या भागात आत्ती म्हणतात. माझ्या आत्तीचा नवरा फौजेत होता, तो बांगलादेशच्या लढाईत गेला. त्यानंतर ती वर्षभर फलटणकडच्या सासरी राहिली. तिकडे कॅनॉलचं पाणी, ऊस, मोठं खटलं. तिला मूलबाळ नव्हतं. दिरांनी छळलं असं तिनं कधी सांगितलं नाही. पण एक दिवस आबा, म्हणजे माझे वडील, तिला भेटायला गेले आणि येताना तिची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून तिला घेऊनच आले. आईनं विचारलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तिथं तिच्यासंगं कुनी बोलत न्हवतं."

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात, सगळं कोरडवाहू. आबा गावचे सरपंच होते. आमची आजी लवकर गेली, त्यामुळे धाकट्या बहिणीला आबांनीच वाढवलं होतं. ती त्यांना दादा म्हणायची. पंचविशीतली बाई, पण आबांसमोर बसली की पोरीसारखी गुडघे जवळ घेऊन बसायची.

मी तेव्हा आठवीत होते. संध्याकाळी सोप्यात बसून मोठ्यानं वाचायची सवय होती मला. एकदा मी नागरिकशास्त्र वाचत होते आणि आत्ती दळण पाखडत होती. तिचं सूप मध्येच थांबलं.

"त्यात सरकारचा धडा हाय न्हवं?" ती म्हणाली.

"हाय की."

"मग मला एक सांग. हे गेले तवा तार आली. दिरानं वाचून दावली. सरकारला कळवायला लय दुख हुतंय, असं हुतं त्यात. सरकार म्हंजे कोन गं? दुख झालं ते नेमकं कुनाला?"

मी पुस्तकात पाहून सांगितलं, सरकारची तीन अंगं असतात. कायदे करणारं, ते राबवणारं आणि न्याय देणारं.

"ह्यातल्या कंच्या अंगाला दुखलं?" तिनं विचारलं.

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुठल्यातरी ऑफिसात एक माणूस असेल, त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं असेल आणि त्याला क्षणभर वाईट वाटलं असेल, एवढं तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पुस्तकात तसलं काही नव्हतं. तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

ती वर्षं दुष्काळाची होती. विहिरी तळाला गेल्या होत्या. जनावरं छावणीला, माणसं रस्त्याच्या कामावर. टँकर आला की आबा हातात काठी घेऊन रांगेपाशी उभे राहायचे, काठी कुणावर उगारायची नाही, फक्त घागरी सरळ ओळीत राहाव्यात म्हणून. आमच्या घरची घागरही रांगेतच असायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की आबा वाईट होते. ते वाईट नव्हते.

त्याच सुमारास पंचायतीची निवडणूक लागली. बायकांसाठी राखीव जागा असायची आणि तिला उभं राहायला कुणी बाई तयार नसायची. तयार असली तर तिच्या घरचे नसायचे. आबांनी आत्तीचं नाव दिलं.

"मला काय कळतंय त्यातलं, दादा?"

"कळायचं काय हाय? महिन्याला एकदा येऊन बसायचं. सही येती न्हवं तुला? मग झालं तर."

ती बिनविरोध निवडून आली. आबाही आले आणि पुन्हा सरपंच झाले. बिनविरोध म्हणजे काय हे आत्तीनं मला विचारलं. मी म्हटलं, समोर कुणी उभंच नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे मला कुनी निवडलं न्हाई. मी नुसती उरली."

पहिल्या सभेला ती आबांच्या मागून चालत गेली आणि दाराजवळ डोक्यावरून पदर घेऊन बसली. नऊ सदस्य. घरी आली ती डोक्यात शब्दांची भर घेऊनच. सूचक कोण? अनुमोदक कशाला लागतो? तहकूब म्हणजे मोडली का थांबली? मी पुस्तकातून जेवढं सापडेल तेवढं सांगायची. पण पुस्तक दिल्लीपासून सुरू व्हायचं आणि ग्रामपंचायतीला शेवटचं एक पान असायचं. त्यामुळे तिला खरं शिकवलं ते आबांनीच.

जेवताना ती विचारायची आणि आबा भाकरी मोडत सांगायचे. त्यांना त्यात फार गोडी वाटायची. "ह्ये बघ, सूचक म्हंजे ज्यानं गोष्ट काडली त्यो. अनुमोदक म्हंजे त्याच्या मागं हुबा ऱ्हानारा. एकट्याचं म्हननं सभेत चालत न्हाई, किमान एक मानूस तरी मागं पायजे."

"आनि बाकीचे?"

"बाकीच्यांनी हात वर करायचा न्हाईतर खाली ठेवायचा."

"मनात असून बी कुनी हात खाली ठेवला तर?"

"तर मन मोजत न्हाईत. हात मोजत्यात."

एकदा आम्ही सगळे जत्रेला निघालो होतो. एसटीत शेजारी बसलेल्या पाहुण्याला आबा सांगत होते, "आमची बहीन पंचायतीत हाय. गनपूर्ती झाल्याबिगर सभा सुरू करू देत न्हाई मला, सरपंचाला!" आणि आत्ती खिडकीकडे तोंड करून हसत होती. लढाईनंतर ती तशी हसलेली मी तेव्हाच पाहिली.

गावाच्या उताराला बौद्ध लोकांची वस्ती होती. तिला खालची वस्ती म्हणत. तिथली एक बाई रस्त्याच्या कामावर आत्तीशेजारी खडी फोडायची. पेन्शन येत असली तरी आत्ती कामावर जायची, घरात बसवत नाही म्हणायची. त्या दोघींची गट्टी जमली. त्या बाईची मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात माझ्यापेक्षा हुशार, वेणीला नेहमी सुतळी बांधलेली. आम्ही शाळेला बरोबर चालत जायचो.

खालच्या वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. टँकर वर चावडीपाशी थांबायचा, खाली पोचेपर्यंत त्यात गाळच उरायचा. म्हणून त्या बायका अग्रणी नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरे पाडायच्या. खाली उतरायचं, वाटीनं पाणी घागरीत भरायचं. ऊन वाढलं तसे झिरे खोल गेले. एका सकाळी ती मुलगी झिऱ्यात उतरली होती आणि वाळूची कड तिच्या अंगावर ढासळली. माणसं धावली, हातांनी उकरलं. वर काढली तेव्हा ती गेलेली होती.

मी गेले होते बघायला. आईनं नको म्हटलं तरी गेले. तिची आई वाळूत बसली होती, हातात ती वाटी होती, आणि जो येईल त्याला ती म्हणत होती, "हात दिला हुता मी. हात दिला हुता." आत्ती तिच्याजवळ बसली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत उठली नाही.

मग साहेबलोक आले. जीप आली, ओव्हरसियर आला. पंचायत समितीकडून पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर झाली. ओव्हरसियरनं दोन जागा पाहिल्या. एक खालच्या वस्तीजवळची, दुसरी वर देवळाच्या मागं, आमच्या मळ्याच्या बांधाला लागून. दोन्हीकडं पाणी लागेल असं तो म्हणाला. कुठं खणायची हे पंचायतीनं ठराव करून कळवायचं होतं.

आत्तीला वाटलं, ह्यात ठरवायचं काय आहे?

सभेच्या आदल्या दिवशी ती आबांना गोठ्यात गाठायला गेली. मी वैरण टाकत होते.

"दादा, हीर खालीच हुनार न्हवं?"

आबा जनावराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "वरच्या आळीचं म्हननं हाय, देवळामागं व्हावी. गाव मोठं वर हाय."

"पोरगी खालची मेली."

"म्हनून काय झालं? हीर सगळ्यांचीच. खालच्यांनी बी वर यावं."

"यावं, पर त्यांच्या बायकांना तिथं घागर कोन बुडवू देनार? कुनीतरी वरनं वाढंल तवा मिळनार त्यास्नी. तासन् तास बसायचं काठावर."

"वाढतील की. मी सांगीन."

"तू जनमभर सरपंच ऱ्हानार हाईस का, दादा?"

आबा चिडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "बाय, बाकीचे सहा बी जन एकीकडं हायत. मी खालचं नाव घेतलं तर त्ये मला खुर्चीत ठेवायचे न्हाईत. तू ह्यात पडू नगंस."

बांधाला विहीर झाली की आमच्याही मळ्याला पाणी मिळेल, हे ते बोलले नाहीत. तिनंही काढलं नाही. पण दोघांनाही ते ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सभेत वरच्या जागेच्या बाजूनं सात हात वर झाले. विरोधात दोन, आत्ती आणि खालच्या वस्तीतले एक वयस्क सदस्य. ठराव बहुमतानं मंजूर झाला. घरी येऊन आत्ती जेवली नाही. मला म्हणाली, "बहुमत म्हंजे काय लिव्हलंय तुज्या पुस्तकात?"

मी सांगितलं, निम्म्यापेक्षा जास्त लोकांचं मत.

"बरोबर का चूक, त्याचं काय?"

"त्याचं काय न्हाई लिव्हलेलं."

"व्हय," ती म्हणाली. "तसंच दिसतंय."

ओव्हरसियरनं आखणी करायला यायचं ते लांबत गेलं. पाऊस थोडाफार झाला. आणि मग गावात दुसरंच सुरू झालं. आबांच्या विरोधात एक गट होता. त्याचा पुढारी गोडबोल्या, पांढरेशुभ्र कपडे घालणारा. त्या गटाचे चार सदस्य. त्यांनी आबांवर अविश्वासाचा ठराव आणायचं ठरवलं. खालच्या वस्तीतले सदस्य त्यांना मिळाले, पाच झाले. सरपंचाला काढायला साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात; सहावं मत मिळालं तर सरपंच जाणार होता.

तो पुढारी आत्तीला भेटला तो कामावर, सगळ्यांसमोर. त्यानं शब्द दिला की नव्या पंचायतीचा पहिला ठराव खालच्या विहिरीचा असेल. आत्ती म्हणाली, "मागल्या सभेत तुमी बी वरच्याच जाग्याला हात वर केला हुता." तो हसून म्हणाला, "तवाची गोष्ट येगळी हुती, ताई."

हे तिनं स्वतः येऊन आबांना सांगितलं. काही लपवलं नाही. आम्ही सगळे तेव्हा सोप्यात होतो. ती म्हणाली, "दादा, तू आजून बी जागा बदल. पुन्यांदा ठराव घे. मी तुज्या मागं हाय."

"आनि न्हाई बदलली तर?"



आबा आईकडे बघून हसले, जसं आपण पोरांच्या बोलण्यावर हसतो. "ह्ये बघ, आता ही बी मला अटी घालाय लागली." आणि ते पागोटं डोक्याला घालून बाहेर गेले. ती आपल्याविरुद्ध जाईल हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. त्या दिवसांत त्यांनी इतर सदस्यांच्या घरी फेऱ्या मारल्या, कुणाच्या हातापाया पडले. बहिणीला मात्र एका शब्दानं मत मागितलं नाही. मागितलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं तरीही तिनं तेच केलं असतं. पण निदान दोघांचं बोलणं झालं असतं.

ठरावाच्या सभेला तालुक्याहून तहसीलदार आले. पंचायतीच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, दोन्हींना माणसं लोंबकळत होती. मी आईबरोबर समोरच्या देवळाच्या ओट्यावर होते. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

तहसीलदारांनी काहीतरी वाचलं. मग हात वर व्हायला लागले. एक, दोन, तीन, चार. खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या सदस्यांचा पाचवा. मग थोडा वेळ काहीच हललं नाही. आत्ती नेहमीसारखी दाराजवळ बसली होती. तिनं आधी पदर सारखा केला. मला वाटलं तेवढंच. मग तिचा हात वर गेला. पूर्ण सरळही नाही, कोपरात वाकलेला, शाळेत उत्तराची खात्री नसलेली पोर करते तसा. पण वर.

तहसीलदार तिच्याकडे बघून काहीतरी बोलले. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, "बाई, तुम्हाला ठराव समजला ना?" आणि ती म्हणाली होती, "समजलाय, साहेब."

आबा बाहेर आले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. आमच्यासमोरून गेले ते घराकडे न जाता मळ्याकडे गेले. आई ओट्यावरच खाली बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्संनी केलं ह्ये?" मी मान हलवली. आईनं तोंडात पदर घेतला.

पुढं मी शिक्षिका झाले, बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अविश्वास ठरावाचा भाग यायचा. त्यात विश्वासदर्शक, अविश्वासदर्शक, लागणारी मतं असं सगळं असतं. मी फळ्यावर 'अविश्वास' एवढा शब्द लिहायची आणि पुढं लिहायला हात उचलायचा नाही. मी पाठमोरी उभी राहून खोटंच खोकायची, वर्गाला वाटायचं, बाईंना खोकला आला.

घरात आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. आबा आत्तीशी बोलायचे थांबले. एवढंच. तिनं ताट वाढलं तर जेवायचे, पण ताट कुणी वाढलं हे बघायचे नाहीत. ती समोरून आली तर खांबाला वळसा घालावा तसा तिला वळसा घालून जायचे. तिनं दोनदा प्रयत्न केला. एकदा त्यांच्या पायाशी जाऊन बसली. "दादा, मला दोन शिव्या घाल, पर बोल." आबा उठून गोठ्यात गेले.

तो पुढारीच सरपंच झाला आणि त्यानं पहिल्या सभेत खालच्या विहिरीचा ठराव खरंच घेतला. शब्द पाळला म्हणून खालच्या वस्तीनं त्याला हार घातला. पण त्यानंतर काहीच हललं नाही. आज ओव्हरसियर रजेवर, उद्या सिमेंट नाही, परवा जागा बदलली म्हणून नव्यानं मंजुरी. आत्ती एकटी एसटीनं कवठे महांकाळला जायची, पंचायत समितीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायची. साहेब भेटायचे कधी, कधी नाही. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की वर्ष संपलं, मंजूर झालेली विहीर परत गेली.

"परत कुटं गेली?" ती मला विचारत होती. "खनलीच न्हाई ती हीर परत कशी जाती?"

मला ते सांगता आलं असतं. आर्थिक वर्ष, निधी, खर्च न झालेली रक्कम. मी सांगितलंही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादानं निदान वर तरी खनली असती. मी ती बी घालवली." मग बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय येतं?

दिवाळी आली. भाऊबीजेला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली. आत्तीनं ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता घेतल्या. आबा सकाळीच बाहेर पडले होते. दिवस कलला तरी आले नाहीत. निरांजनातलं तेल संपलं तसं आईनं पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा आत्तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वैनी." पाट उचलून तिनं भिंतीला लावला.

त्या दिवाळीनंतर ती साताऱ्याला गेली. नवऱ्याच्या पलटणीतल्या एका माणसाच्या ओळखीनं तिला तिथं मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाचं काम मिळालं. जाताना आईनं तिला शिदोरी बांधून दिली. आबा मळ्यात होते. ट्रंक मी आणि आईनं स्टँडवर नेली.

मी सांगलीला कॉलेजला गेल्यावर वर्षातून एकदा तिला भेटायला साताऱ्याला जायची. बोर्डिंगाच्या मागच्या खोलीत ती राहायची. मुली तिला मावशी म्हणत. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. ती मला खाऊपिऊ घालायची, गावातल्या सगळ्यांची चौकशी करायची आणि शेवटी विचारायची, "दादा बराय न्हवं?" मी हो म्हणायची. मग ती म्हणायची, "सांगू नगंस मी इचारलं म्हनून." घरी आबाही तसंच करायचे, फक्त त्यांना प्रश्नही विचारता यायचा नाही. मी साताऱ्याहून आले की ते जवळपास कुठंतरी काम काढून बसायचे, दाव्याला पीळ घालत, आणि मी आईला जे सांगेन ते ऐकायचे.

आणीबाणी आली, गेली. सरकारं बदलली. त्या काळात एक गोष्ट घडली ती मला आईकडून कळली. आबा आता पंचायतीत नव्हते, पण ते आठवड्याच्या बाजारी कवठे महांकाळला जायचे ते बाजार करून थेट घरी येत नसत. पंचायत समितीत जायचे. खालच्या वस्तीच्या विहिरीसाठी. सभापतीकडे, साहेबाकडे, ओव्हरसियरकडे. का ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईनं एकदा विचारलं तर म्हणाले, "काम अर्दं ऱ्हायलं हुतं." विहीर शेवटी एका योजनेतून मंजूर झाली, खाली, वस्तीच्या तोंडालाच. खडक लागला, सुरुंग लावावे लागले. आबा रोज जाऊन कडेला उभे राहायचे. पाणी लागलं त्या उन्हाळ्यातच त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात त्यांना आणलं तेव्हा उशीर झाला होता. मी कॉलेज बुडवून तिथंच असायची. मी आत्तीला कळवलं. विहिरीचंही कळवलं, ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. वॉर्डच्या दारात थांबली, चपला काढल्या. दवाखान्यात चपला कुणी काढत नाही. आबा जागे होते. त्यांनी तिला बघितलं आणि नजर वळवली नाही. ती कॉटच्या कडेला खाली फरशीवर बसली, गुडघे जवळ घेऊन.

मग आबा म्हणाले, "तुज्या बोर्डिंगात पानी हाय का?"

"हाय. नळ हाय."

"बरं."

आई रडायला लागली म्हणून मी तिला बाहेर न्यायला उठले. तेवढ्यात आबा पुन्हा बोलले. आवाज खोल गेला होता. "त्या वक्ताला तू मला आदी इचारलं असतंस, बाय..."

आत्तीनं मान वर केली. "इचारलं हुतं की, दादा. गोठ्यात. आनि सोप्यात बी."

आबा छताकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "इचारलं हुतंस."

तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं होतं ते एवढंच झालं. त्यानंतर आबांना गुंगीत ठेवलं होतं. ते गेले तेव्हा आत्ती त्यांच्या उशाशी होती आणि मी खाली चहा आणायला गेले होते.

दिवसकार्य होईपर्यंत ती गावात राहिली. खालच्या वस्तीतली तिची जुनी मैत्रीण आली, दोघी अंगणात भिंतीला टेकून बसल्या. आई म्हणाली, "वन्सं, आता कशाला जाताय? हितंच ऱ्हावा." आईच्या मनात आता काही नव्हतं, ते तिच्या आवाजातच कळत होतं. आत्ती म्हणाली, "दादा असता तर ऱ्हायली असती, वैनी." आणि ती साताऱ्याला परत गेली.

पुढच्या निवडणुकीला गावातली चार माणसं आमच्या घरी आली. बायकांच्या राखीव जागेसाठी त्यांना आईचं नाव हवं होतं. ते म्हणाले, "वैनी, काय करायचं न्हाई. नुसतं येऊन बसायचं, सही करायची."

आई चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मला नगा इचारू," म्हणाली. माणसं थोडी थांबली, चहा प्याली आणि शेजारच्या घरी गेली.